परतलेल्या योद्ध्याचे आरोग्य

गीतेचा नित्यपाठ करणाऱ्यांच्या बोलण्यात महाभारतातील जो एक प्रसंग सहसा येत नाही, तो आश्वमेधिक पर्वात आहे. युद्ध संपलेले आहे, राज्य हाती आलेले आहे, श्रीकृष्ण द्वारकेस परत जाण्याच्या विचारात आहे. आणि अशा निवांत वेळी अर्जुन त्याला म्हणतो की, रणभूमीवर तू मला जे ज्ञान सांगितलेस ते माझ्या चित्तातून निसटून गेले आहे, तेव्हा ते पुन्हा एकवार सांग. कृष्ण रुष्ट होतो, ते जसेच्या तसे पुन्हा सांगणे आता आपल्याला शक्य नाही असे म्हणतो आणि त्याऐवजी एक प्राचीन इतिहास सांगू लागतो; तीच अनुगीता. या विस्मरणाची संगती पंडितांनी नाना प्रकारांनी लावली आहे. मला त्यात एवढेच दिसते की, युद्धाच्या तोंडावर जे ज्ञान माणसाला उभे करते ते युद्ध संपल्यावर त्याला पुरत नाही, आणि ज्याने साक्षात् भगवंताच्या मुखातून ते ऐकले त्याच्याही बाबतीत हे खरे ठरले.

हा विचार मराठी माणसाने विशेष आस्थेने करावा, याला कारण आहे. ज्ञानेश्वरीपासून मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यापर्यंत आणि तेथून १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झालेल्या विनोबांच्या प्रवचनांपर्यंत आपल्या भाषेने गीतेची जी सेवा केली तिला तोड नाही. परंतु गीता हा युद्धारंभापूर्वीचा संवाद आहे, आणि त्या संवादाच्या जितके आपण निकट राहिलो तितके स्त्रीपर्व, शांतिपर्व, अनुशासनपर्व आणि आश्वमेधिकपर्व या युद्धानंतरच्या ग्रंथभागांच्या निकट राहिलो नाही. दुसरीकडे, ज्या मुलखातून पिढ्यान् पिढ्या फौजेत माणसे भरती झाली तो मुलूखही आपलाच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखतात. पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार सोसली आणि पुढे तुर्कांची कैद भोगली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्यांपैकी घाडगे रणातच पडले आणि जाधव परत आले. पडलेल्यांचे स्मरण कसे करावे हे आपल्याला ठाऊक आहे, त्याचे स्तंभ आणि शिलालेख गावोगावी आहेत. परत आलेल्यांच्या पुढच्या वर्षांचे काय करावे, याविषयी मात्र आपल्या समाजाची बुद्धी फार लवकर थकते.

शिपायाची नोकरी आजवर बहुधा पंधरा-सतरा वर्षांत संपत आली आहे, आणि ज्या वयात इतरांचे संसार नुकते मार्गी लागत असतात त्या वयात तो पेन्शनीत येतो. त्याचा हुद्दा काहीही असो, गाव त्याला ‘मेजर’ म्हणते. स्वातंत्र्यदिनाला झेंड्याजवळ त्याला मानाची जागा मिळते. आणि उरलेल्या दिवसांत तो एखाद्या बँकेच्या अथवा कारखान्याच्या दारावर सुरक्षा रक्षक म्हणून उभा असतो किंवा भावाभावांत वाटून आलेल्या शेताच्या तुकड्यावर राबत असतो. सरकारने त्याची उपेक्षा केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपंग जवानांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीला आहे, पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, कण्याला इजा झालेल्यांसाठी खडकीलाच स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे, आणि २००३ सालापासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना औषधांचा आणि रुग्णालयांचा भार उचलीत आली आहे. या संस्थांत काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु पाय गेलेल्याला पाय देणारे, कारागिरी शिकविणारे आणि औषधाचा खर्च मंजूर करणारे हे दप्तर ज्या माणसाचे हातपाय शाबूत आहेत, ज्याचा दाखला निर्दोष आहे आणि ज्याला तरीही रात्री झोप लागत नाही, त्याच्यापाशी येऊन थांबते, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण त्याचा अर्ज कोणत्या सदरात दाखल करावा हे त्यालाही सांगता येत नाही.

अमेरिकेत सेवानिवृत्त सैनिकांच्या आरोग्याचे जे सरकारी खाते आहे त्याने या बाबतीत एक लक्षणीय पाऊल उचलले आहे. २०११ साली त्या खात्यात रुग्णकेंद्रित सेवेसाठी एक स्वतंत्र कचेरी उघडण्यात आली, आणि तिच्या विचारातून समग्र आरोग्याची एक योजना उभी राहून २०१८ पासून अठरा निवडक केंद्रांवर ती विस्ताराने अमलात आली. या योजनेत डॉक्टरांच्या जोडीला, ज्याला तिकडे हेल्थ कोच म्हणतात असा एक मार्गदर्शक असतो. तो रोगाचे निदान करीत नाही की औषध लिहून देत नाही. तो समोर बसलेल्या माजी सैनिकाला प्रथम असे विचारतो की, तुला आयुष्यात कशाची किंमत सर्वांत अधिक वाटते आणि आरोग्य तुला हवे आहे ते कशासाठी. कोणी म्हणतो, नातवाबरोबर चेंडू खेळता यावा म्हणून. कोणी म्हणतो, मुलीच्या लग्नात पाठ न दुखता उभे राहता यावे म्हणून. मग त्या हेतूला धरून आहार, निद्रा, व्यायाम, राहण्याची जागा, आप्तस्वकीयांशी संबंध, मनाची शक्ती, आत्मिक जीवन या एकेका अंगाचा विचार दोघे मिळून करतात, आणि योगासने, ध्यान, ताई-ची अथवा सुयांचा उपचार यांपैकी जे मानवेल ते योजतात. या सगळ्याचे त्यांनी एक वर्तुळ कल्पिले आहे. त्याच्या केंद्रस्थानी ‘मी’ आहे, सभोवार सावधान चित्त आहे, त्यानंतर स्वतः घ्यावयाच्या काळजीची आठ अंगे आहेत, त्याबाहेर वैद्यकीय सेवा आणि सर्वांत बाहेर समाज.

हे वर्तुळ पाहून आपल्याकडील वाचकाला तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, आणि ज्याने सुश्रुतसंहिता चाळली असेल त्याला हेही आठवेल की, दोष, अग्नी, धातू यांचे साम्य सांगून झाल्यावर सुश्रुताने आत्मा, इंद्रिये आणि मन यांच्या प्रसन्नतेलाही स्वास्थ्याच्या लक्षणात स्थान दिले आहे. परंतु ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून समाधान मानण्याची जी सवय आपल्याला जडली आहे तिचा येथे उपयोग नाही, कारण ग्रंथांत असलेले आणि माणसाच्या दाराशी पोचलेले यांत अंतर असते आणि हे अंतर त्या परक्या खात्याने पुष्कळ कापले आहे. ज्याचे कान तोफांच्या आवाजाने गेले आहेत, ज्याची बोटे हिमदंशाने बधिर झाली आहेत, त्याला श्वासाच्या साध्या अभ्यासाने चार तास सलग झोप मिळाली तर तो लाभ मी कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा मोठा मानतो.

माझा प्रश्न त्या वर्तुळाच्या केंद्राविषयी आहे. आरोग्य कशासाठी, हा प्रश्न वैद्याने विचारावा ही गोष्ट थोर आहे. पण त्याचे उत्तर ‘मी’ या बिंदूपाशी पुरे होते का? चरकाने आयुष्याचा विचार करताना सुखायु आणि हितायु असे दोन वेगळे पदर सांगितले आहेत. शरीर आणि मन निरोगी आहे, बळ आहे, उपभोगाची साधने आहेत, उद्योग सफल होत आहेत, ते सुखायु. आणि जो भूतमात्राचे हित इच्छितो, सत्य बोलतो, परस्वाचा अभिलाष धरीत नाही, विचारपूर्वक वागतो, त्याचे ते हितायु. एकाचे सुखायु असून हितायु नसू शकते आणि उलटही असू शकते. वैद्यकाच्या ग्रंथाने आयुष्याच्या मापात इतरांच्या हिताचा अंतर्भाव करावा ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते, आणि युद्धावरून परतलेल्या माणसाच्या बाबतीत तर निर्णायक वाटते. कारण तो ज्या दुखण्याने ग्रासलेला असतो त्यातला एक अंश असा आहे की, तो त्याच्या सुखात बिघाड झाल्यामुळे उद्भवलेला नसून, आपल्या हातून दुसऱ्याचे अहित घडले या ज्ञानातून उद्भवलेला असतो.

येथे सावधगिरीने बोलले पाहिजे. सैन्यातून परतलेला प्रत्येक माणूस व्यथित असतो असे मानणे हा त्याचा अपमान आहे. बहुसंख्य माणसे येतात, शेती करतात, पतसंस्था चालवितात, सरपंच होतात, वारीला जातात, आणि त्यांच्या शिस्तीचा गावाला उपयोग होतो. भयाने जडणाऱ्या विकारांचाही अभ्यास वैद्यकाने पुष्कळ केला आहे; पहिल्या महायुद्धात ज्याला तोफगोळ्यांचा धक्का म्हणत त्याला १९८० साली अमेरिकन मनोवैद्यकाच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर विकृती म्हणून स्थान मिळाले, आणि त्यावर उपचार आहेत. मी बोलतो आहे ते निराळ्या गोष्टीविषयी. बॉस्टन येथे व्हिएतनामच्या युद्धातून आलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या मनोवैद्याने १९९४ साली ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हा ग्रंथ लिहिला आणि होमरच्या महाकाव्याच्या आधाराने असे दाखविले की, कित्येकांच्या मनाला जी जखम झाली होती ती भयाची नव्हती; जे योग्य ते अधिकारावर बसलेल्यांनीच प्राणावर बेतलेल्या प्रसंगी पायदळी तुडविले, याची ती जखम होती. पुढे इतर अभ्यासकांनी, स्वतःच्या हातून घडलेल्या अथवा डोळ्यांदेखत घडू दिलेल्या कृत्याच्या व्यथेचाही त्यात समावेश केला. अशा जखमेला ते नैतिक जखम म्हणतात. तिच्यात भीती कमी असते आणि लज्जा, अपराधभाव, विश्वासघाताचा संताप ही अधिक असतात. आणि निजेची गोळी घेऊन झोप आली तरी सकाळी उठणारा माणूस तोच असतो.

या जागी शांतिपर्व उघडावे. युद्ध जिंकून पांडव राजधानीत शिरत नाहीत. मृतांना तिलांजली देऊन ते एक महिना नगराबाहेर गंगेच्या तीरावर राहतात. कर्ण हा आपला ज्येष्ठ बंधू होता हे कुंतीच्या तोंडून कळल्यामुळे युधिष्ठिराचा धीर सुटलेला असतो. आपल्याला राज्य नको, आपण वनात जातो, असे तो म्हणतो. आणि मग त्याची समजूत घालण्यासाठी जो तो पुढे येतो. अर्जुन अर्थाचे माहात्म्य सांगतो, भीम त्याला भित्रा ठरवितो, नकुल-सहदेव आपापल्या परीने बोलतात. द्रौपदीचे बोलणे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती म्हणते की, जो असा आडमार्गाने जातो त्याला धूप, अंजन, नस्य आणि औषधे देऊन त्याच्यावर चिकित्सा केली पाहिजे. म्हणजे पश्चात्ताप हा उन्माद आहे आणि उन्मादावर वैद्य बोलवावा, ही सूचना आजची नव्हे; ती त्या सभेत, ज्या स्त्रीचे पाचही पुत्र झोपेत मारले गेले होते तिच्या तोंडून आली. द्रौपदीच्या दुःखापुढे कोणाचीही मान लवेल. तरीही महाभारतकार तिची सूचना स्वीकारीत नाहीत. युधिष्ठिराला औषध दिले जात नाही, आणि त्याचा शोक हा भ्रम आहे असा निर्णयही ग्रंथ देत नाही, कारण तो भ्रम नव्हता. अठरा अक्षौहिणी सेना खरोखरच मेली होती आणि त्यात त्याचा भाऊ होता.

मग त्याच्यासाठी काय केले गेले? कृष्ण, नारद, व्यास यांनी समजूत घातल्यावर त्याला शरशय्येवरच्या भीष्मांकडे नेण्यात आले. भीष्मांच्या समोर जाण्याची त्याला लाज वाटत होती, ती कृष्णाने भीष्मांना सांगितली, आणि भीष्मांनी त्याला जवळ बोलावून अभय दिल्यावरच प्रश्नोत्तरे सुरू झाली. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म असा तो अफाट संवाद चालतो, आणि इतके सारे ऐकून अनुशासनपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर म्हणतो की, आपण शांतीचे उपाय पुष्कळ सांगितलेत, पण मला शांती नाही. भीष्म रागावत नाहीत. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशाने मेला असता सर्प, मृत्यू, काळ आणि कर्म यांपैकी दोष कोणाचा, याची कथा ते सांगू लागतात. पुढे भीष्मांचे देहावसान होते आणि गंगातीरी युधिष्ठिर पुन्हा कोसळतो. तेव्हा त्याला सावरायला जो पुढे येतो तो, शंभर पुत्र गमावलेला धृतराष्ट्र.

या कथेकडे कितीही वेळा वळलो तरी एक गोष्ट मला दर वेळी अधिक स्पष्ट दिसते. युधिष्ठिराच्या सभोवार बसलेल्यांत तटस्थ असा कोणीही नाही. भीष्म द्यूतसभेत गप्प राहिले होते आणि दहा दिवस शत्रुपक्षाचे सेनापती होते. धृतराष्ट्राने पुत्रमोहाने सारे घडू दिले होते. कृष्णाने अर्जुनाला शस्त्र उचलावयास लावले होते. ज्यांच्या कृतीतून अथवा मौनातून हे युद्ध उद्भवले तेच आता शोकाकुल माणसाच्या शेजारी बसले आहेत, त्याचे तेच तेच प्रश्न न कंटाळता ऐकत आहेत आणि काळाला, दैवाला, स्वतःलाही त्या दोषातला वाटा देत आहेत. आजचा मार्गदर्शक कितीही सहृदय असला तरी तो पगारी आणि परका असतो, तासाच्या मुदतीने बसतो, आणि त्याच्या पद्धतीच्या शिरस्त्यानुसार दोषाचा विषय त्याने उचलावयाचा नसतो. त्याचा हा दोष नव्हे. पण ज्या समाजाने आपल्या नावाने त्या शिपायाला पाठविले तो समाज जर त्या खोलीत नसेल, तर शिपायाच्या वाट्याला त्याचा अपराधभाव अखंड, अविभक्त असा येतो, आणि कोणतेही ध्यान तो अपराधभाव वाटून घेऊ शकत नाही.

अन्य धर्मांनीही हे जाणले होते. बायबलातील ‘गणना’ या ग्रंथात, युद्धावरून आलेल्या, कोणाचा वध केलेल्या अथवा प्रेताला शिवलेल्या प्रत्येकाने सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध व्हावे असा हुकूम आहे. १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मन सैनिकांसाठी बिशपांनी प्रायश्चित्ताचा जो ठराव केला तो त्याहून बारकाईचा आहे. ज्याला आपण किती मारले ते ठाऊक आहे त्याने माणशी एक वर्ष प्रायश्चित्त घ्यावे. ज्याला संख्या ठाऊक नाही त्याने आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस. आणि धनुर्धारी, ज्यांना आपला बाण कोणाला लागला हे कळणेच शक्य नव्हते, त्यांनी चाळीस चाळीस दिवसांचे तीन उपवासकाल पाळावेत. हे सैनिक पोपच्या संमतीने लढलेले विजयी सैनिक होते. धर्माने त्यांचे युद्ध न्याय्य ठरविले आणि तरीही त्यांना शुद्धीची वाट दाखविली. न्याय्य युद्धातही रक्त हातालाच लागते हे त्याला ठाऊक होते.

यावर गीतेच्या अभ्यासकाकडून आक्षेप येईल की, फलाची आसक्ती सोडून स्वधर्म आचरणाऱ्याला पाप लागत नाही, तेव्हा हा अपराधभाव मोहच होय. मी गीतेला मानतो, म्हणूनच हा आक्षेप मला हलका वाटत नाही. परंतु निष्काम कर्माने फलाची इच्छा सुटते. फल डोळ्यांना दिसायचे राहत नाही. कर्तव्य केले हे खरे असते, आणि त्या कर्तव्याने कोणाचे घर बुडाले हेही खरेच असते. पहिल्या सत्याने दुसरे पुसून टाकावे असे गीतेने कोठे सांगितल्याचे मला आढळत नाही. ज्या शिपायाला आपण येता-जाता ‘तुम्ही देशासाठी केले, विसरून जा’ असे सांगतो, त्याला आपण गीता सांगत नसतो. त्याचे ऐकण्याचे टाळत असतो.

व्यासांनी युधिष्ठिराला अखेर सांगितले ते काम. अश्वमेध करावा, असे ते म्हणाले. आपल्याला त्यात सम्राटाचे वैभव दिसते. पण घोड्याबरोबर अर्जुनाला पाठविताना युधिष्ठिराने जी सूचना दिली ती वाचली म्हणजे त्या यज्ञाचे निराळे स्वरूप ध्यानात येते. ज्यांचे आप्त कुरुक्षेत्रावर पडले आहेत अशा राजांना शक्य तो मारू नकोस, त्यांना यज्ञाचे आमंत्रण दे, असे त्याने बजावले होते. सिंधुदेशात अर्जुनाच्या समोर, जयद्रथाची विधवा दुःशला, कौरवांची ती एकुलती बहीण, मांडीवर नातू घेऊन आली; तिचा मुलगा सुरथ, अर्जुन आला एवढी वार्ता ऐकूनच मरण पावला होता. अर्जुनाने धनुष्य खाली टाकले आणि क्षात्रधर्माला धिक्कारले. जयद्रथाला मारण्याची प्रतिज्ञा करताना ज्याचा स्वर कापला नव्हता, तो योद्धा आता त्याच्या नातवाला पाहून असा उभा आहे. गीता विसरलेल्या अर्जुनाला जे अनुगीतेने दिले नसेल ते त्या प्रवासाने दिले असावे, असे मी मानतो.

ज्या अमेरिकेत ते वर्तुळ काढले गेले त्याच देशाचे काही वृद्ध सैनिक व्हिएतनामच्या क्वांग त्री प्रांतात परत गेले आणि २००१ पासून तेथील लोकांच्या जोडीने, आपल्याच विमानांनी टाकलेले न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामात सहभागी झाले. त्यांच्या आरोग्याचे माप कोणत्या तक्त्यात बसेल हे मी सांगू शकत नाही. चरकाने त्याला हितायु म्हटले असते यात मला शंका नाही. आपल्या शिपायाला असे परत जाण्याची वाट क्वचितच असते, सरहद्दी त्याला जाऊ देत नाहीत. पण गावात त्याच्या तोंडून युद्धाचे शौर्य तेवढे न मागता, जे सांगताना त्याची मान खाली जाते तेही ऐकण्याची एक जागा असू शकते. आणि ऐकणाऱ्यांत डॉक्टर आणि मार्गदर्शक यांच्या जोडीला, ज्यांच्या मतांनी सरकारे बनतात आणि ज्यांच्या घोषणांनी युद्धाचा ज्वर चढतो ते आपणही असलो पाहिजे. भरतीच्या मैदानावर पोरांना धाडताना ढोल वाजविणाऱ्या ग्रामसभेने, ती पोरे परत आल्यावर त्यांच्यासाठी एक संध्याकाळ, आणि ती एकदाच नव्हे, राखून ठेवावी. चार वर्षांत सैन्यातून मोकळी होणारी अग्निवीरांची पहिली तुकडी आता लवकरच गावोगाव परतणार आहे. ती मुले पंचविशीच्या आसपासची असतील, आणि त्यांच्यापाशी पुढची पन्नास वर्षे असतील.